आनाकाकूंच्या दारावरून गेलेलं पीठ

आमच्या गावात पाहुणा आला की त्याला दोन गोष्टी विचारतात. कवा आले आणि कवा जाणार. कोणाला घालवून द्यायचा हेतू त्यात नसतो. रात्री भाकरी किती टाकायच्या, सकाळी दूध किती घ्यायचं, हे त्या उत्तरावर ठरतं. आनाकाकू आल्या त्या संध्याकाळी माझ्या आईनं हा दुसरा प्रश्न विचारला आणि मी तो इंग्रजीत करून सांगितला. काकूंनी जरा विचार केला. मग म्हणाल्या, मरेन तेव्हा.

आई माझ्या तोंडाकडं बघत होती. "काय म्हंते?"

"राहणार हायेत," मी म्हटलं. "बरेच दिवस."

"मंग दूध लावून घ्या म्हणाव," आई म्हणाली आणि म्हशीकडं निघून गेली.

मी तेव्हा बी.ए. होऊन घरी बसलो होतो. इंग्रजी विषय घेऊन. आमच्या खानदानात माझ्याआधी कॉलेजचं तोंड कोणी पाहिलं नव्हतं, आणि हे सांगताना आजही माझी छाती फुगते. त्यामुळं चिखली-खामगाव रस्त्यावरच्या उंद्रीपासून थोड्या आत असलेल्या आमच्या गावात हॉलंडची बाई राहायला आली तेव्हा सगळं गाव माझ्याकडं वळलं. मला इंग्रजी कवितेचा सारांश लिहिता यायचा. पण नळाला पाणी एक दिवसाआड येतं आणि तेही लाइट असली तर, हे इंग्रजीत कसं सांगायचं ते मला कोणी शिकवलं नव्हतं. काकूंचीही इंग्रजी घरची नव्हती, शिकलेलीच होती. म्हणजे आम्ही दोघंही उसन्या भाषेत बोलायचो. त्यांच्याबद्दल मी आता जे सांगणार आहे त्यातलं किती त्यांनी सांगितलेलं आणि किती मी आपल्या मनानं समजून घेतलेलं, हे मला नक्की सांगता येणार नाही.

आमच्या समोरच्या घरातले वसंतकाका तरुणपणी मशीनचं काम शिकून बाहेर पडले आणि फिरत फिरत हॉलंडला बस दुरुस्त करायच्या कामावर लागले. त्याच बस आनाकाकू चालवायच्या. लग्न झालं, मूलबाळ झालं नाही. दर दोन-चार वर्षांनी दिवाळीच्या मागंपुढं दोघं गावात यायचे. शेवटच्या खेपेला काकांनी भावाच्या घराला लागून दोन खोल्या बांधल्या, फरशी बसवली, संडास-बाथरूम आतच काढलं. रिटायर झालो की इथंच, असं ते चहाच्या हॉटेलवर प्रत्येकाला सांगायचे. रिटायर व्हायच्या आधीच ते तिकडं वारले. गाव हळहळलं. मग काकांचा पुतण्या गजानन त्या खोल्यांत सोयाबीनची पोती ठेवू लागला. त्यात वाईट काही नव्हतं, मोकळं घर उंदरांचं होतं.

अशात काकू एकट्या आल्या. उंच बाई, पांढरे केस कानापाशी कापलेले, खिसेच खिसे असलेली पँट, मनगटावर पुरुषी घड्याळ. कोणी म्हणे घर विकायला आली. कोणी म्हणे वाटणी मागायला. जो या गावचा होता तो माणूसच राहिला नाही, मग ही बाई कायले आली, हे कोणाच्या डोक्यात शिरेना. मी सरळ विचारलं. त्या म्हणाल्या, घर तयार होतं. एवढंच.

पोती शांताबाईंनी स्वतः उभं राहून हलवून घेतली. शांताबाई म्हणजे वसंतकाकांच्या मोठ्या भावाची बायको, गजाननची आई. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि त्या घरात त्यांचाच शब्द चालायचा. खोल्या झाडून झाल्या तसा त्यांनी सुनेला हुकूम सोडला, "मडमले खुर्ची दे."

ती लाल प्लास्टिकची खुर्ची. तिनं काकूंचा पिच्छा कधी सोडला नाही. बारसं असो, हळदीकुंकू असो, कोणाच्या घरी नुसतं बसायला जाणं असो, काकू पोचायच्या आत खुर्ची पोचलेली असायची. बाकी बायका सतरंजीवर आणि काकू वर, सगळ्यांच्या भांगाकडं बघत. त्या खाली बसायला लागल्या की दोघी-तिघी धावून दंडाला धरायच्या. काकू म्हणायच्या, नको. हा त्यांनी शिकलेला पहिला मराठी शब्द, आणि आमच्या गावात पाहुण्याच्या तोंडी त्या शब्दाला काडीची किंमत नाही. पाहुण्यानं नको म्हणायचंच असतं आणि यजमानानं ते ऐकायचंच नसतं. चहा नको म्हटलं की दोन कप यायचे.

संध्याकाळी त्या उंद्रीच्या रस्त्यानं पायी फिरायला जायच्या. काम नाही, शेत नाही, नुसतं चालायचं. मागून येणारी प्रत्येक मोटरसायकल थांबायची. बाईमाणूस एकटं पायी जाऊन राह्यलं आणि आपण गाडीवरून पुढं निघून गेलो तर लोक काय म्हणतील, असं गाडीवाल्याला वाटायचं. काकू म्हणायच्या नको. गाडीवाला म्हणायचा बसा. शेवटी त्या समोरच्याला वाईट वाटू नये म्हणून बसायच्या आणि उंद्रीला उतरायच्या, जिथं त्यांना जायचंच नव्हतं. मग तिथून परत यायला दुसरी गाडी थांबायची. एकदा मला म्हणाल्या, या गावात चालायला कुठं जातात? मी म्हटलं, शेतात. त्या म्हणाल्या, नाही, चालायला. मला त्यातला फरक समजला नाही. खरं सांगायचं तर आता शहरात राहून थोडा समजतो, पूर्ण नाही.

फोनमध्ये भाषा बदलून बोलणारी सोय त्यांच्याकडं होती. त्या आपल्या भाषेत बोलायच्या आणि फोनमधून एक बाई शुद्ध मराठीत सांगायची, "कृपया मला थोडे दही विरजण्यासाठी मिळू शकेल का?" आमच्या आईला हसू आवरायचं नाही. ती काकूंना सोडून फोनलाच उत्तर द्यायची, "हाव बाई, देते ना. तू कोन्या गावची?"

सकाळची चिखलीची एस.टी. यायच्या वेळेला काकू थांब्यावर उभ्या असायच्या. गाडी थांबली की घड्याळ बघायच्या आणि मान हलवायच्या. वेळेवर आली तर एक प्रकारची मान, उशिरा आली तर दुसऱ्या प्रकारची. चढायच्या नाहीत. सुरुवातीला कंडक्टर दार उघडं धरून थांबायचा, ड्रायव्हर हॉर्न वाजवायचा, आतले लोक म्हणायचे, या ना मॅडम, जागा हाय. काकू हसून हात हलवायच्या. पुढं एकदा विहिरीपाशी, जिथं गाडी वळवायला जागा अपुरी आहे, तिथं मागून ट्रॅक्टर आला आणि गाडी अडकली. सगळे ओरडत होते. काकू गाडीच्या मागं गेल्या आणि नुसत्या दोन हातांच्या खुणांनी, एक शब्द न बोलता, ड्रायव्हरला आरशातून बघायला लावून गाडी मागं घेतली. त्या दिवसापासून तो ड्रायव्हर गाडी सोडायच्या आधी काकूंकडं बघायचा.

ही गोष्ट मी शांताबाईंना सांगितली, आणि काकू आयुष्यभर बस चालवायच्या हेही सांगितलं. त्यांचा विश्वास बसेना.

"वसंता बस दुरुस्त करे अन् हे चालवे?"

"हाव."

"मंग सैपाक कोण करे?"

मी काकूंना विचारून सांगितलं, वसंतकाका करायचे. शांताबाई उठून आत गेल्या आणि त्या दिवशी पुन्हा बाहेर आल्या नाहीत.

आता पिठाची गोष्ट. आमच्या गावात मारुतीचा भंडारा असतो. वर्गणीचा गहू दळून आणतात, पण पोळ्या एका जागी होत नाहीत. पोरं घमेल्यात पीठ घेऊन दारोदार फिरतात, प्रत्येक घरी वाटून देतात, आणि संध्याकाळी त्या त्या घरची बाई पोळ्यांची टोपली फडक्यात झाकून देवळात आणून देते. कोणाच्या पोळ्या कोणाच्या पानात गेल्या हे कोणालाच कळत नाही. पण पीठ कोणत्या घरी गेलं ते सगळ्यांना माहीत असतं. जिथं पीठ गेलं ते घर गावात धरलं.

काकूंच्या दारावरून घमेलं पुढं गेलं. पहिल्या वर्षी त्या परात धुऊन दारात उभ्या होत्या. पोरांनी त्यांना वाकून नमस्कार केला आणि पलीकडच्या घरी पीठ टाकलं. संध्याकाळी पहिल्या पंगतीला सरपंचाच्या शेजारी खुर्ची आणि पुढं स्टूल मांडून त्यांना जेवायला बसवलं. दुसऱ्या वर्षीही तसंच झालं. दुसऱ्या दिवशी त्या आमच्या ओट्यावर आल्या, बसल्या नाहीत, आणि मला म्हणाल्या, "माझ्या घरात चूक काय आहे?"

मी आईला विचारलं. आई म्हणाली, शांताबाईले विचार. शांताबाई तूर निवडत होत्या. मान वर न करता बोलल्या.

"पाहुण्याच्या हातून पोळ्या लाटून घेता? वसंता असता तर माह्या तोंडाकडं पाहिलं नसतं त्यानं."

हे एक कारण. दुसरंही होतं, आणि मला गोड बोलता येत नाही म्हणून सांगून टाकतो. गावातल्या एक-दोन म्हाताऱ्या कुजबुजायच्या की तिच्या घरात काय शिजते काय माहीत, अन् देवाचं काम हाय. मी काकूंना दोन्ही सांगितलं. त्यांनी विचारलं, यातलं खरं कोणतं? मी म्हटलं, दोन्ही. त्या म्हणाल्या, "म्हणजे मान देतात म्हणून पीठ देत नाहीत, आणि मान देत नाहीत म्हणूनही देत नाहीत?" मी हो म्हटलं. मग मी काय करू, असं त्यांनी विचारलं. ज्या गोष्टीनं गाव त्यांना वर बसवत होतं त्याच गोष्टीनं त्यांना बाहेर ठेवत होतं, आणि यावरून ज्याच्याशी भांडावं असा माणूस गावात एकही नव्हता. सगळे चांगलेच वागत होते.

त्यांनी आपल्या डोक्यानं एक उपाय काढला आणि तो भलताच निघाला. आमच्या गल्लीतल्या एका मुलीचं लग्न होतं. काकूंच्या देशात कोणाकडं जेवण असलं की आपल्या घरून एक पदार्थ करून न्यायची रीत आहे म्हणे. त्यांनी घरी मोठा केक भाजला आणि भरल्या मांडवात टोपलं घेऊन आल्या. मुलीचा बाप दारात हात जोडून उभा होता. ते टोपलं बघून त्याचा चेहरा उतरला. आमच्याकडं लग्नाला शिजवलेलं अन्न घेऊन जाणं म्हणजे तुमच्या घरी पोटभर मिळेल की नाही याची शंका घेऊन जाणं. तो बिचारा स्वतः बुंदीचं ताट घेऊन खुर्चीपुढं उभा राहिला आणि काकूंचा घास घशाशी येईपर्यंत वाढत राहिला. मग मला बाजूला घेऊन म्हणाला, "काय कमी पडलं बे आपल्याकडून?" काकू तिकडून मला विचारत होत्या, त्यांना आवडला का? मी इकडं मान हलवली, तिकडं मान हलवली. केक पोरांनी मांडवाच्या मागं संपवून टाकला होता, ही त्यातली एकच बरी गोष्ट.

त्यानंतर काकू आमच्या चुलीपाशी येऊन बसू लागल्या. पाटावर. आमच्या आईनं खुर्चीचा नाद सोडला, कारण खुर्चीवरून भाकरी थापता येत नाही. ज्वारीचं पीठ किती मळायचं, पाणी कधी फिरवायचं, हे आई तोंडानं सांगायची आणि काकू हाताकडं बघायच्या. पहिल्या भाकरी एका अंगाला जाड, दुसऱ्या अंगाला फाटलेल्या. "हे भाकर हाय का बसचं चाक," आई म्हणायची, आणि मी भाषांतर केलं नाही तरी काकू हसायच्या. त्या भाकरी आमच्या म्हशीनं खाल्ल्या. मग घरी गॅसवर रोज सराव. एका दुपारी भाकरी टम्म फुगली. ती तशीच तव्यावरून उचलून, या हातातून त्या हातात करत, काकू शेजारच्या अंगणात शांताबाईंना दाखवायला गेल्या. मी ओट्यावरून बघत होतो. शांताबाईंनी आधी सुनेला हाक मारली, मडमले खुर्ची दे म्हणून. मग भाकरीचा तुकडा मोडला, चावला, बराच वेळ चावला.

"कड जाड हाय," त्या म्हणाल्या.

पण तुकडा संपवला.

पुढं मला खामगावला शाळेत नोकरी लागली. गावाकडं येणं सणावारापुरतं उरलं. त्या हिवाळ्यात शांताबाई आजारी पडल्या आणि उठल्याच नाहीत. आई फोनवर सांगायची की मडम रोज तिच्या खाटेपाशी जाऊन बसते. मडमले मराठी येत नाही, शांताबाईले दुसरं काही येत नाही, दोघी बसून राहतात. काकू तिची वेणी घालून देतात, अन् म्हातारी रोज सुनेले म्हंते, खुर्ची दे.

शांताबाई सकाळी गेल्या. मी दुपारपर्यंत पोचलो. मातीहून परत आलो, नदीवर आंघोळी झाल्या, माणसं अंगणात बसली. आमच्याकडं ज्या घरी माणूस गेलं त्या घरी आणि त्याच्या भावकीत त्या दिवशी चूल पेटत नाही. शेजारच्या, दुसऱ्या आडनावाच्या घरांतून भाकरी-पिठलं येतं. त्याला आवतण नसतं, कोणी पीठ वाटत नाही, कोणी सांगायला येत नाही. ज्याला त्याला आपलं कळतं. काकूंनी हे आधीच्या कोणाच्या मयतीला पाहून ठेवलं होतं. मला वाटतं, गावात हे एकच जेवण असं आहे की जे न विचारता नेता येतं, हे त्यांनी मनाशी धरून ठेवलं असावं.

माझी आई टोपली घेऊन आमच्या दारातून निघाली आणि त्याच वेळी काकू त्यांच्या दारातून. त्यांच्याही हातात टोपली, वर पांढरं फडकं, खाली भाकरी. कडा पातळ होत्या, मी नंतर पाहिल्या. दोघी शांताबाईंच्या उंबऱ्याशी एकदमच पोचल्या. आईनं काकूंच्या टोपलीकडं पाहिलं आणि थांबली.

"काकू, चूल पेटवली तुमी?"

आत बसलेल्या बायकांनी माना वळवल्या. गजाननच्या बायकोनं उठून काकूंच्या हातातली टोपली हळूच काढून घेतली आणि बाहेर, गोठ्याच्या भिंतीशी ठेवली. काकूंनी माझ्याकडं पाहिलं. इतक्या वर्षांत त्यांचा आवाज मी चढलेला ऐकला नव्हता, तेव्हाही चढला नाही.

"पुन्हा?" त्यांनी मला विचारलं.

मी आईकडं पाहिलं. आईला माझ्या बघण्याचा अर्थच लागेना. "असा काय पाह्यतं? सांग ना तिले. तिच्या घरचं मानूस गेलं. तिची चूल आज बंद. तिचं जेवण आपल्या घरून येते."

मी सांगायला लागलो. घर म्हटलं, कुटुंब म्हटलं, आज तुमच्या घरात विस्तव नको म्हटलं. काकूंनी विचारलं, माझ्या घरात का? मी म्हटलं, कारण त्या घरात आणि तुमच्या घरात आज फरक नाही. माझी बी.ए.ची सगळी इंग्रजी त्या उंबऱ्यावर संपली. हे ठरवलं कोणी, असं त्यांनी विचारलं, आणि मलाही तेच विचारायचं होतं, म्हणून मी आईला विचारलं.

"ठरवाचं काय त्यात," आई म्हणाली. "जाऊ मेली ना तिची."

तिनं काकूंचा हात धरला आणि आत नेलं. गजाननच्या बायकोनं जरा सरकून जागा केली. काकू खाली बसल्या, भिंतीला पाठ लावून, गुडघे वर. कोणी दंडाला धरून उठवलं नाही. लाल खुर्ची अंगणात होती, तिच्यावर नदीवरून आलेल्या माणसांचे ओले टॉवेल वाळत पडले होते. आईनं ताट पुढं सरकवलं. काकूंनी आमच्या घरची भाकरी उचलली, अंगठ्यानं तिची कड चाचपली आणि मोडली.

त्यांना काय समजलं आणि काय नाही, मला माहीत नाही. गाव त्यांना कधीपासून घरची धरत होतं हेही मला माहीत नाही. पिठाच्या वेळी परकी आणि सुतकात घरची, हे एकाच गावाला कसं जमलं याचा मी पुष्कळ विचार केला. आईला विचारलं तर ती म्हणते, तुले शिकवून चुकलंच.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं मी परत निघालो. थांब्यावर काकू नव्हत्या. ड्रायव्हरनं इकडं तिकडं पाहिलं, गाडी चालू ठेवून थांबला आणि खिडकीतून मला विचारलं, "मॅडम कुठं हायेत?"

"त्यांच्या घरी सुतक हाय," मी म्हटलं.

"असं का," तो म्हणाला आणि गाडी सोडली.

पुढच्या उन्हाळ्यात काकूही गेल्या. शाळेच्या परीक्षा होत्या, मला येता आलं नाही. गजाननच्या घरी चूल पेटली नाही, असं आईनं सांगितलं. त्यामुळं मला त्या शेवटच्या दिसल्या त्या सुतकातल्या त्या सकाळी, गाडीतूनच. विहिरीपाशी गाडी वळली की शांताबाईंचं अंगण दिसतं. काकू जमिनीवर बायकांच्या घोळक्यात बसल्या होत्या, डोक्यावरून कोणाचं तरी जुनं लुगडं घेतलेलं. गाडीचा आवाज आला तशी त्यांनी मान वर केली, लुगड्यातून मनगट बाहेर काढून घड्याळ पाहिलं आणि मान हलवली. वेळेवरची की उशिराची, ते खिडकीतून कळलं नाही.